पन्नास मतांचा ताळा

भोर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये मी गेली चौतीस वर्षं गणित शिकवतोय. एवढ्या वर्षांत माझी सगळी ओळख एका शब्दावर उभी राहिली आहे, तो म्हणजे ताळा. उत्तर बरोबर आलं तरी ताळा केलेला नसेल तर मी अर्धेच गुण देतो. भागाकार केलास ना? मग आता उलटं गुणून दाखव. उत्रोलीच्या शाळेत होतो तेव्हा एका आईने तक्रार आणली होती की, गुरुजी, तुमच्यामुळं आमचं पोरगं पायात चप्पल घातली तरी दोनदा खाली वाकून बघतं. ती तक्रार मला फार आवडली होती.

लोकांना वाटतं मी शिस्तीचा आहे. खरं कारण त्याहून साधं आहे. मी भित्रा आहे. साहेबांची भीती, तपासणीची भीती, हजेरीपटावरच्या खाडाखोडीची भीती. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसा माझ्या पाठीमागे तो कायम उभा असतो आणि त्याच्या हातात फाइल असते. दोनदा तपासायची सवय मला त्यानेच लावली.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना विधानसभेच्या निवडणुकीत माझ्या नावाने मतदान केंद्राध्यक्षाचा आदेश आला. केंद्र वेल्ह्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. आता त्या तालुक्याचं नाव बदललं आहे, पण एसटीचा कंडक्टर अजून वेल्हेच ओरडतो. याआधी मी मतदान अधिकारी म्हणून बसलो होतो, शाई लावली होती, याद्या वाचल्या होत्या. केंद्राध्यक्ष कधीच झालो नव्हतो. केंद्राध्यक्ष म्हणजे एका दिवसापुरतं त्या गावातलं सरकार. यंत्र त्याच्या ताब्यात, पोलीस त्याच्या शब्दावर, आणि चूक झाली तर मानही त्याचीच.

भोरला तीनदा प्रशिक्षण झालं. तिन्ही वेळा मी पहिल्या रांगेत बसलो आणि वही भरून काढली. एक गोष्ट तर आमच्याकडून पाढ्यासारखी घोकून घेतली. मतदान सुरू होण्याआधी पहाटे उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर यंत्रावर पन्नास खोटी मतं टाकायची. सगळं नीट चालतंय हे सर्वांनी डोळ्यांनी पाहायचं. मग यंत्र बंद करायचं, निकाल बघायचा आणि ती मतं पुसायची. बंद, निकाल, पुसा. शिकवणारे साहेब म्हणाले, "बाकी काहीही विसरा, हे विसरू नका. हे विसरलात तर घरी बसाल." हॉलमध्ये सगळे हसले. मी हसलो नाही. मी ते तीन शब्द लाल शाईने लिहिले आणि त्यांच्याभोवती चौकट काढली.

आदल्या दिवशी दुपारी यंत्रं आणि पेट्या घेऊन आम्ही एसटीने निघालो. नसरापूरवरून आत वळलो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची झोडणी चालली होती. माझ्या हाताखाली तिघे होते. पाटबंधारे खात्यातले एक लेखनिक, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, एक शाई लावणारे शिक्षक आणि यंत्रापाशी बसणारा एक नवा ग्रामसेवक. भाऊसाहेबांनी इतक्या निवडणुका केल्या होत्या की त्यांनी पिशवीत स्वतःचं स्टॅम्प पॅड आणि स्वतःचा दोरा आणला होता. अशा माणसाच्या शेजारी बसलं की भीती जरा कमी होते. माझी झाली, आणि तिथेच घोटाळा झाला.

संध्याकाळी शाळेच्या वर्गात टेबलं लावून झाल्यावर भाऊसाहेबांनी कागदांचा गठ्ठा पुढे ओढला. "सर, उद्या श्वास घ्यायला वेळ मिळत नाही. सगळे फॉर्म आजच भरून ठेवू. सगळीकडं असंच करतात."

ते खरंच आहे. सगळीकडे असंच करतात. निवडणुकीचं काम केलेल्या कोणालाही विचारा. दिवसभरात काय काय घडलं हे सांगणारे कागद आम्ही ते घडायच्या आदल्या दिवशी भरतो. आकडे तेवढे कोरे ठेवतो. त्या संध्याकाळी मी एकेका कागदावर सही करत गेलो. त्यात एक प्रमाणपत्र होतं. प्रतिनिधींसमोर चाचणी मतदान घेतलं, त्यानंतर यंत्रातली सर्व मतं पुसली आणि शून्य झाल्याची खात्री केली, असं मी प्रमाणित करतो. खाली माझी सही. चौतीस वर्षं पोरांचे कान पिळणाऱ्या माणसाने उदाहरण सोडवायच्या आधी ताळा लिहून ठेवला.

पहाटे थंडी होती. साडेपाचला दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी आले. दोघे चुलतभाऊ होते आणि त्यांचं एकमेकांशी बोलणं बंद होतं. पन्नास मतं टाकली. प्रत्येक उमेदवाराला सारखी वाटली. यंत्राच्या खिडकीत पन्नासचा आकडा दिसला. शेजारच्या यंत्रातून पडलेल्या चिठ्ठ्या काढून मोजल्या, त्याही पन्नास. दोघांनी माना डोलावल्या. मी चिठ्ठ्या काळ्या पाकिटात घातल्या आणि लाखेने बंद केल्या. मन अगदी हलकं झालं होतं.

तेवढ्यात एक भाऊ म्हणाला, मत टाकायच्या जागेवर बल्बचा उजेड लई वरून पडतोय, सावलीवरून कुणी कुठलं बटण दाबलं ते कळतंय. दुसरा म्हणाला, तुमास्नी सावल्याच दिसायच्या. आवाज चढले. मी टेबल ओढलं, आडोशाचा पुठ्ठा फिरवला, बल्बला वर्तमानपत्र बांधलं. परत आलो तेव्हा भाऊसाहेबांनी कागद पुढे केले होते. दोघा भावांनी त्या प्रमाणपत्रावर न वाचता सह्या ठोकल्या. पुढे यंत्राला कागदी सील, धागा, लाख. सात वाजत आले होते आणि बाहेर रांग लागली होती.

रांगेत पहिली एक म्हातारी होती. वर डोंगरात धनगरांचा एक वाडा आहे, चार-पाच घरांचा, तिथून तिच्या मुलाने तिला पाठीवर बसवून खाली आणली होती. तिने ओळखपत्र छातीशी प्लास्टिकच्या पिशवीत धरलं होतं. शाई लावताना तिने बोट असं पुढे केलं की बांगड्या भरायला बसली आहे असं वाटावं. आत गेली, बराच वेळ लागला, मग यंत्राची शिटी वाजली. बाहेर येताना ती माझ्या टेबलाशी थांबली.

"गुरुजी, माझं मत आत गेलं न्हवं?"

"गेलं, आजी."

"नीट गेलं?"

"अगदी नीट."

ती समाधानाने बाहेर गेली आणि शाळेच्या पायरीवर बसली. मुलगा गावात मीठ-मिरची आणायला गेला होता. तो येईपर्यंत ती तिथेच बसणार होती.

नऊ वाजता आकडा कळवायचा असतो. दर दोन तासांनी किती मतदान झालं ते वर सांगावं लागतं. भाऊसाहेबांनी नोंदवही बघून त्रेचाळीस सांगितले. मी सवयीने ग्रामसेवकाला म्हणालो, यंत्रावर किती दिसतात ते बघ. त्याने बटण दाबलं आणि यंत्र माझ्याकडे वळवलं. मी वाकून पाहिलं. त्र्याण्णव.

वजाबाकी करायला मला फार तर अर्धा क्षण लागला असेल. पन्नास. पहाटेची पन्नास. बंद, निकाल, पुसा. तिन्ही गोष्टी राहिल्या होत्या. मी खुर्ची धरली. समोर रांगेत माणसं हसत-बोलत उभी होती आणि मला त्यांचे आवाज विहिरीतून आल्यासारखे ऐकू येत होते. घरी बसाल. निलंबन, चौकशी, पेपरात नाव, पेन्शनच्या कागदांवर लाल शेरा. भोरच्या बाजारपेठेतून मी कसा जाईन? ताळावाले गुरुजी चालले, म्हणतील.

भाऊसाहेबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. त्यांनी ग्रामसेवकाला मतदान चालू ठेवायला सांगितलं आणि मला फळ्याच्या कोपऱ्यात नेलं.

"सर, घाबरू नका. हे पहिल्यांदा होत नाहीये."

"आता काय करायचं?"

"कागदावर तर मतं पुसलेली आहेत. तुमची सही आहे, त्या दोघांची आहे. फरक फक्त नोंदवहीत दिसतोय. यादीत निम्मी पोरं पुण्याला कामाला आहेत, ती काही येत नाहीत. वरच्या वाड्यावरूनही फारसं कोणी उतरत नाही. दिवसभरात त्यांच्यातली पन्नास नावं नोंदवू. अंगठ्यांचं मी बघतो. संध्याकाळी आकडे जुळतील."

"आणि ती पन्नास मतं?"

"सगळ्यांना सारखीच टाकलीत ना? मग कुणाचं काय गेलं?"

गणित बरोबर होतं. हे मला कबूल केलं पाहिजे. दोन्ही बाजूंना सारखी मतं मिळाली तर फरक तेवढाच राहतो. कोणी जिंकणार नव्हतं, कोणी हरणार नव्हतं, आणि मी वाचणार होतो. मी विचारलं, "कळणार नाही ना?" हा प्रश्न विचारला म्हणजे मी हो म्हणालो होतो. भाऊसाहेबांनी पेन्सिल काढली आणि यादीतल्या नावांपुढे बारीक ठिपके द्यायला सुरुवात केली. ते हे काम एखाद्या शहाण्या माणसासारखं शांतपणे करत होते.

फोनची रेंज त्या गावात एकाच ठिकाणी मिळते, पाण्याच्या टाकीपाशी. आकडा सांगायला कोणाला तरी तिथे जावं लागणार होतं. मी म्हणालो, मीच जातो. मला त्या वर्गात श्वास घेता येत नव्हता. भाऊसाहेब हळूच म्हणाले, "त्र्याण्णव सांगा. एकदा आकडा वर गेला की मग तोच खरा."

मी बाहेर पडलो आणि पायरीवर ती म्हातारी होती. मला बघून तिने बोट वर केलं.

"ह्ये बगा, गुरुजी. चोळलं तरी जात न्हाई."

मला थांबायचं नव्हतं. पण थांबलो. भ्यालेल्या माणसाला कोणीतरी चांगलं बोलावं असं वाटतं. मी म्हणालो, "आजी, एवढ्या थंडीत सगळ्यांच्या आधी कशाला आलात? ऊन पडल्यावर यायचं."

"न्हाई. मागल्या टायमाला तसंच केलं आन् फसले. दुपारच्याला आले, तर आतला मास्तर म्हनला, आजी, तुमचं मत झालंय. म्या म्हनलं, आसं कसं, माझं बोट तर कोरं हाय. तर त्यो म्हनला, यादीत खून हाय, आता काय करता येत न्हाई." तिने पदराने नाक पुसलं. "समदी वाट उतरून आल्याली. पोराच्या पाठीवं न्हाई, माझ्या पायानं. तवा चालत व्हते म्या. तसंच म्हागारी ग्येले."

असं झालं तर मतदाराला वेगळी मतपत्रिका द्यायची तरतूद आहे. ती मला पाठ होती. तिला ते कोणी सांगितलं नव्हतं.

"कोण होता तो मास्तर?" मी विचारलं.

"कोन जानं. बाहेरगावचा व्हता. वाईट न्हवता, बरं का. माझ्याकडं बगत बी न्हवता. हात थरथरत व्हतं त्येचं."

मी टाकीकडे चालू लागलो. शंभर पावलांची वाट असेल. इतकी वर्षं मला वाटत होतं की असली कामं गुंड करतात, पुढारी करवून घेतात, पैसे चारले जातात. त्यातलं काही होतही असेल. पण त्या म्हातारीचं मत कोणा गुंडाने खाल्लं नव्हतं. माझ्यासारख्याच एका भित्र्या मास्तराने खाल्लं होतं. त्याच्याही शेजारी कोणीतरी अनुभवी माणूस पेन्सिल घेऊन बसला असणार. त्यालाही वाटलं असणार की वरच्या वाड्यावरची म्हातारी कशाला येते. आणि मघाशी भाऊसाहेबांच्या यादीत मी चोरून पाहिलं होतं तर पहिले ठिपके धनगरवाड्यावरच्याच नावांपुढे होते.

टाकीपाशी मी फोन काढला. आमच्या भागाच्या क्षेत्रीय अधिकाऱ्यांनी फोन उचलला आणि म्हणाले, "बोला, किती?"

मी शूर झालो वगैरे काही नाही. मला दोन्ही बाजूंची भीती वाटत होती, आणि त्या क्षणी त्या थरथरणाऱ्या हातांची भीती जास्त निघाली, एवढंच.

"त्रेचाळीस, साहेब. आणि यंत्रात त्र्याण्णव आहेत. पहाटेची मतं पुसायची राहिली. चूक माझी आहे."

मग त्यांनी एक शिवी दिली, जी मी इथे लिहीत नाही, आणि म्हणाले, "आहात तिथेच थांबा. कशाला हात लावू नका."

मी परत आलो आणि भाऊसाहेबांना म्हणालो, "ठिपके खोडा." त्यांनी खोडरबर काढला. खोडता खोडता एवढंच म्हणाले, "तुम्ही बुडालात, सर. आम्हालाही ओढलंत." त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

साहेबांची जीप यायला तास लागला. त्या तासाभरात बातमी गावात फुटली, कशी ते कळलं नाही. शाळेच्या आवारात माणसं जमली. मशीनमध्ये आधीच मतं भरलेली सापडली, असं एकाने ओरडून सांगितलं. आमच्या संरक्षणाला एकच शिपाई होता आणि त्याच्या हातात काठी होती. खिडकीच्या गजांना लोकांची तोंडं लागली. कोणीतरी पत्र्यावर दगड मारला. मी खुर्ची यंत्रापाशी ओढून बसलो. ते दोघे भाऊ माझ्या अंगावर धावून आले. मग थोरल्याला आठवलं की खाली त्याचीही सही आहे. तो धाकट्याला म्हणाला, "तू बी वाचलं न्हाईस व्हय?" बऱ्याच महिन्यांत ते एकमेकांशी पहिल्यांदाच बोलले असावेत. मग दोघेच बाहेर गेले आणि त्यांनी माणसं मागे हटवली.

साहेब आले, पंचनामा झाला, वरून आदेश आला की मतदान त्याच यंत्रावर चालू ठेवा, सगळं लिहून द्या, मोजणीच्या वेळी बघू. मी पानभर कबुली लिहिली. सही करताना या वेळी तीनदा वाचलं. संध्याकाळपर्यंत लोक मत टाकत राहिले आणि दर शिटीला मी नोंदवहीतला आकडा ताडून बघत राहिलो.

पुढे कारणे दाखवा नोटीस आली, चौकशी झाली, वार्षिक वाढ थांबली. निलंबन टळलं. प्रामाणिकपणा बघून सोडलं असं एक साहेब म्हणाले, पण त्यांनी माझ्याकडे बघितलं ते कीव आल्यासारखं. हे सगळं मी सोसलं. जे सोसलं नाही ते मला मोजणीनंतर कळलं. आमच्या केंद्राचं यंत्र मोजणीत बाजूला ठेवलं होतं. नियम असा की जिंकणारा आणि हरणारा यांच्यातला फरक त्या केंद्रावरच्या मतांहून मोठा असेल, तर ती मतं मोजायची गरज नाही. फरक फार मोठा होता. त्या गावाची मतं कोणी मोजलीच नाहीत.

अगदी नीट, असं मी तिला सांगितलं होतं.

एका रविवारी मी वेल्ह्याला गेलो आणि तिथून पुढे वर चढलो. वाटेत दहा वेळा मागे फिरावंसं वाटलं. तिचा मुलगा कुत्र्यांना आवरत बाहेर आला. म्हातारी उन्हात बसली होती. मला तिने लगेच ओळखलं. मी समोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. पन्नास मतं, ठिपके, टाकी, बाजूला ठेवलेलं यंत्र. तुमचं मत मोजलं नाही, आजी, हे सांगताना माझा आवाज पोराच्या आवाजासारखा झाला.

तिने बोट डोळ्यांपाशी नेलं. शाईची रेघ नखाबरोबर वर सरकली होती.

"पर माझ्या नावानं दुसऱ्या कुनी टाकलं न्हाई न्हवं?"

"नाही. एवढं नक्की."

तिने बोट पदराने पुसून घेतलं. मग म्हणाली, "मंग पुन्यांदा कदी यायचं?"

"आमदारकीचं आता पाच वर्षांनी, आजी."

तिने बोटांवर काही मोजलं, मध्येच सोडून दिलं आणि मुलाकडे वळली. "पाच वर्सांनी बी मला असंच पाठीवं न्यायचं. सक्काळच्याला. ध्येनात ऱ्हाऊ दे." मुलगा व्हय म्हणाला आणि माझ्यासाठी चहा टाकायला आत गेला.

तोवर मी निवृत्त झालेला असेन. ती जगली तर येईल, याची मला खात्री आहे. त्या शाळेत, त्या टेबलामागे तेव्हा कोण बसलेलं असेल आणि ते किती भित्रं असेल, या विचाराने मला आत्तापासून भीती वाटते.